हवा मोजणाऱ्यांची शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या थकलेल्या शिष्यवृत्तीची बातमी आपल्या अंकात वाचली. तिच्यावर एका वाचकाचे पत्रही आले, 'पाच-पाच वर्षे सरकारी पैशावर शिकत बसणाऱ्यांना एवढी घाई कसली?' ते वाक्य मला फार लागले. मी अमळनेरला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. आमच्याच तालुक्यातल्या कोरडवाहू कापूसवाल्या घरातला माझा एक विद्यार्थी सध्या उत्तर भारतातल्या एका संस्थेत पीएच.डी. करतो आहे. तो करतो काय आणि पैसे उशिरा आले की बिघडते काय, हे वाचकांना कळावे म्हणून हे पत्र.

त्याचे काम हवेतल्या हायड्रॉक्सिल नावाच्या एका मूलकावर (फ्री रॅडिकलवर) आहे. एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि एक एकटा पडलेला इलेक्ट्रॉन. त्या एकट्या इलेक्ट्रॉनपायी तो हवेतल्या पुष्कळ वायूंशी झटकन अभिक्रिया करतो. अतिनील किरणांनी ओझोन फुटतो, त्यातून सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेला भिडतो आणि हा तयार होतो. आपण श्वास घेतो त्या थरातही तो असणार, हे हायरम लेव्ही यांनी १९७१ मध्ये मांडले. तो सेकंदभरही टिकत नाही. दाट धुरात तर त्याहून कितीतरी कमी. भर दुपारीसुद्धा हवेच्या दहा लाख कोटी रेणूंमागे तो एखादाच सापडायचा. तरीही कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, पेट्रोलच्या वाफा हवेतून काढून टाकण्याचे मुख्य काम त्याचेच. मिथेन दहाएक वर्षांत संपतो तो प्रामुख्याने याच्यामुळे. मात्र हवेत नायट्रोजनची ऑक्साइडे असली की याच साखळीतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो पानांच्या रंध्रांतून आत शिरतो आणि गहू-सोयाबीनचे उत्पन्न घटवतो. म्हणजे हा विषय शेतकऱ्याचाही आहे.

असा क्षणात संपणारा मूलक किती झपाट्याने खर्ची पडतो, हे मोजायचे कसे? गेल्या सुट्टीत माझा विद्यार्थी घरी आला तेव्हा त्याने मला फोनवर त्याच्या काचेच्या नळकांड्याचे फोटो दाखवले. हाताच्या पंजात मावेल एवढे, बाजूंना काचेचे फाटे फुटलेले. एका फाट्यातून पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश आत जातो आणि ओल्या नायट्रोजनमधली वाफ फोडून हायड्रॉक्सिल बनवतो. दुसऱ्यातून पायरोल नावाच्या सेंद्रिय पदार्थाची वाफ सोडतात, कारण तो एरवी हवेत नसतो. हायड्रॉक्सिल पायरोलला खातो. उरलेला पायरोल मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजायचा. मग बाहेरची हवा आत घ्यायची. आता हायड्रॉक्सिलला वाटेकरी झाले, म्हणून पायरोल जास्त उरतो. किती जास्त उरला, यावरून बाहेरच्या हवेत हायड्रॉक्सिल सेकंदाला किती वेळा खर्ची पडेल ते निघते. ही पद्धत विनायक सिन्हा आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतल्या माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत बसवली. २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. मला ती ऐकूनच आनंद झाला. जे हाती लागत नाही त्याची भूक मोजायची!

पण आकडा मिळाला म्हणजे झाले असे नाही. बाहेरच्या हवेचा दमटपणा जरा बदलला तरी नळकांड्यात हायड्रॉक्सिल कमी-जास्त बनतो. हवेत नायट्रिक ऑक्साइड असला तर तो नवा हायड्रॉक्सिल घडवतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. प्रत्येक शंका वेगळी तपासून आकडा दुरुस्त करायचा. त्यानंतर ओळखीच्या सगळ्या वायूंच्या वाट्याची बेरीज या आकड्याशी ताडून बघायची. ती बहुधा कमी भरते. उरलेला फरक म्हणजे कोणीच न मोजलेले वायू. धुराच्या हवेतला तो फरक शोधणे हाच त्याच्या प्रबंधाचा विषय आहे. यालाच लोक 'शिकत बसणे' म्हणतात.

आता पैशांचे. १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाला महिना ३७ हजार आणि वरिष्ठाला ४२ हजार रुपये मंजूर आहेत. आकडा वाईट नाही. पण तो वेळेवर खात्यात पडत नाही. मागच्या वर्षी माझ्या विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडकली. खोलीचे भाडे थकले, संध्याकाळी बारावीच्या शिकवण्या धरल्या. वडिलांनी भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला कापूस मिळेल त्या भावात काढला. घरी आला की आजी विचारते, "तुन्हं शिक्षण कव्हय सरी रे भाऊ?" (तुझे शिक्षण कधी संपणार?) आणि त्याच्याकडे उत्तर नसते. तिकडे भाताचे काड जळते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, मोजके आठवडे. नेमक्या त्याच दिवसांत शिकवण्यांमुळे त्याची रात्रपाळीची मोजणी बुडाली. थकबाकी नंतर एकरकमी आली, पण वाफसा गेल्यावर बियाणे मिळून काय उपयोग? तो धूर आता पुढच्या वर्षीच.

संबंधितांना विनंती आहे की शिष्यवृत्ती पगारासारखी ठरल्या तारखेला द्यावी आणि वार्षिक अहवालाची तपासणी चालू असताना ती रोखू नये. तपासणी जरूर व्हावी, कडकही व्हावी. पण तोवर मुलाने खायचे काय?

जाता जाता आपल्या भागाचे. जळगाव शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, तरी आपल्याकडे हवा म्हटली की चर्चा धुळीचीच होते. कापूस उलगला, म्हणजे वेचणी संपली, की शिवारात पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) पेटते. असल्या धुरात नायट्रस आम्ल असते. सकाळच्या उन्हात ते फुटून थेट हायड्रॉक्सिल देते. आणि खानदेशात उन्हाला काय तोटा! एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. अशा उन्हात पऱ्हाटीचा धूर, महामार्गावरच्या ट्रकांचा धूर आणि दीपनगरच्या वीज केंद्राचा धूर एकत्र आल्यावर ओझोन किती तयार होतो, याची मोजणी इथे, शेताजवळ व्हायला हवी. प्रबंध झाला की उपकरणे इकडे आणून फेब्रुवारी ते मे मोजणी करण्याची माझ्या विद्यार्थ्याची इच्छा आहे. त्याला एक थंड खोली आणि न जाणारी वीज लागेल. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या कृषी महाविद्यालयाने तेवढी सोय करायची तयारी दाखवावी. पऱ्हाटी कोणत्या गावात कधी पेटते, याची नोंद ठेवायला मी आणि माझे जुने विद्यार्थी तयार आहोत.

आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
अमळनेर, जि. जळगाव