दोन्ही गाड्या येईपर्यंत थांबायला शिकवलंत

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

एकमेकांवर अवलंबून असलेले बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याची कामं) जेन्किन्समध्ये, म्हणजे ती कामं आपोआप चालवणाऱ्या साधनात, कसे लावायचे, हे तुम्ही आमच्या गोव्यातल्या पर्वरीच्या टीमला फळ्यावर आकृत्या काढून समजावलंत. आभार उघड पत्रातून मानतोय, म्हणजे याच जागी अडलेल्या इतरांनाही उपयोग होईल.

सगळ्यात मोलाचा ठरला तुमचा चौकोन. 'पाया' ही लायब्ररी, तिच्यावर 'बिल' आणि 'साठा' या दोन सेवा, आणि त्या दोन्हींवर 'दुकान'. पाया बदलला की बिल आणि साठा एकदम सुटतात. जो आधी संपतो तो दुकानाला हाक मारतो, आणि दुकानाच्या हाती नवं बिल नि जुना साठा पडतो. टेस्ट पडते. थोड्या वेळाने साठा संपतो, दुकान पुन्हा धावतं आणि पास होतं. मग दोष बिचाऱ्या टेस्टच्या माथी! मडगावची बस कुठ्ठाळीला पोचली म्हणून पणजीची गाडी सोडायची नाही, वास्कोची यायची आहे, हे तुमचं वाक्य आता आमच्या फळ्यावरच आहे.

फ्रीस्टाइल जॉबमध्ये (ज्याची मांडणी फॉर्म भरून होते) यावर एक टिकमार्क पुरतो: अपस्ट्रीम, म्हणजे ज्यावर हा जॉब अवलंबून आहे त्या, प्रोजेक्टचा बिल्ड चालू असेल तर थांबा. तो साखळीत थेट वरपर्यंत पाहतो. मात्र पायात सतत कमिट (कोडमधले नवे बदल) येत राहिले तर दुकान उपाशी राहतं. म्हणून पायाचा क्वाएट पीरियड (बिल्ड सुरू करण्याआधी थांबायचा वेळ), जो मुळात 5 सेकंदांचा असतो, तो वाढवायचा. लागोपाठचे कमिट एकाच बिल्डमध्ये जातात. पाइपलाइन जॉबला, म्हणजे पायऱ्या स्क्रिप्टमध्ये लिहिलेल्या जॉबला, हा टिकमार्क नाही. तिथे बिल आणि साठा पॅरलल ब्लॉकमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या भागात) घालून, दोन्ही संपल्यावरच दुकान बोलवायचं.

पाइपलाइनमधला सापळाही तुम्हीच दाखवलात. एजंटवर, म्हणजे बिल्ड चालवणाऱ्या मशीनवर, एक्झिक्युटर (एका वेळी एक काम चालवणाऱ्या जागा) 2. दोन पालक जॉब नोड ब्लॉकच्या आत, म्हणजे एजंटची जागा अडवून, बसतात आणि मुलांची, म्हणजे आपण बोलावलेल्या जॉबची, वाट पाहतात, आणि मुलं जागेसाठी रांगेत. कुणीच हलत नाही. एक्झिक्युटर वाढवणं ही मलमपट्टी; तिसरा पालक आला की पुन्हा तेच. मुलाला बोलावणारी बिल्ड स्टेप नोड ब्लॉकच्या बाहेर काढली की वाट पाहणारा पालक एजंटची जागा अडवत नाही. 'वेट' (मूल संपेपर्यंत थांबण्याचा पर्याय) बंद करूनही कोंडी सुटते, पण मग मूल नापास झाल्याचं पालकाला कळतच नाही. वर 30 मिनिटांचा टाइमआउट हवाच.

आर्टिफॅक्टबाबत, म्हणजे बिल्डमधून तयार होणाऱ्या फाइलींबाबत, तुम्ही कडक होतात: 'शेवटचा यशस्वी बिल्ड' कधीच उचलू नका, बिल्ड नंबर पॅरामीटर म्हणून पुढे द्या. बरोबर आहे. फक्त त्याची किंमत अशी, की पॅरामीटर वेगळे झाले की रांगेतली कामं एकत्र होत नाहीत आणि दुकान जास्त वेळा धावतं. ती आम्ही मोजतो. कुठल्या दुकानात कुठला साठा गेला हे फिंगरप्रिंटवरून (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या खुणेवरून) लगेच सापडतं.

मेवन या बिल्ड साधनात स्नॅपशॉटची (लायब्ररीच्या अजून बदलत असलेल्या आवृत्तीची) नवी प्रत आली का, ही तपासणी मुळात दिवसातून एकदाच होते, म्हणून सीआयच्या (आपोआप चालणाऱ्या बिल्डच्या) कमांडमध्ये ती दर वेळी करायला लावणारा मोठ्या 'यू'चा स्विच (-U) लावायचा, ही जाता जाता दिलेली टीपसुद्धा कामी आली.

देव बरें करूं, ताई.

तुमची,
पर्वरीची बिल्ड टीम