न काढलेल्या चित्राला अ-१ श्रेणी: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस सादर नमस्कार.

परवा माझ्या मुलीचं प्रगतिपुस्तक हातात पडलं. ती सातवीत आहे. कला विषयासमोर अ-१ श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदीत एक ओळ : 'चित्रे आवडीने रंगवते.' मी शाबासकी द्यायला गेले, तर ती म्हणाली, "आई, वर्षभरात आम्ही एकही चित्र काढलं नाही. मग हे बाईंनी कुठून लिहिलं?"

जूनमध्ये घेतलेली रंगपेटी मी काढून पाहिली. बारा वड्या, एकीलाही पाणी लागलेलं नाही. चित्रकलेच्या वहीत पहिल्या पानावर नाव आणि इयत्ता, पुढे सगळं कोरं.

चित्रकलेचे सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही आणि त्यांच्या तासिका गणिताला गेल्या. मी तीनदा अर्ध्या दिवसाची रजा टाकून शाळेत गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "संचमान्यतेत पद बसत नाही, ताई." संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, हे ठरवणारा सरकारी हिशेब. पुढच्या कार्यालयात गेले, तिथून पुन्हा शाळेकडेच पाठवलं. तुमच्या खात्यात या मुलांचा वाली कोण आहे, एवढंच मला कळायला हवं होतं. तेही कुणी सांगितलं नाही.

साहेब, मी काही मेहेरबानी मागत नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की सहावी ते आठवीत शंभराहून जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारे शिक्षक, हवेत. आमच्या शाळेत या तीन इयत्तांत अडीचशे तरी मुलं असतील. हा कायदा लागू झाला 1 एप्रिल 2010 ला. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको, असं म्हटलं आहे. आमच्याकडे भिंत पाडायची वेळच आली नाही, कारण भिंतीच्या एका बाजूला काही उरलेलंच नाही.

माझ्या शाळेत चित्रकलेच्या बाई होत्या. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेच्या तयारीत वस्तुचित्रासाठी त्यांनी टेबलावर तांब्या ठेवला. मी त्याचं तोंड गोल काढलं. बाई म्हणाल्या, "गोल आहे हे तुला माहीत आहे. दिसतंय कसं ते बघ." मी खाली वाकून पाहिलं, तर तोंड चपटं लंबगोल दिसत होतं आणि नजर आणखी खाली नेली की नुसती रेघ. आपल्याला माहीत असलेलं आणि समोर दिसणारं वेगळं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आज मी परिचारिका आहे. पेशंट "बरं वाटतंय" म्हणतो तेव्हा मी त्याच्या ओठांचा, नखांचा रंग बघते. ही नजर मला त्या तासाने दिली.

माझी मुलगी वाचताना अडखळते, वर्गात बोलत नाही. चौथीपर्यंत ती जे काही सांगायची ते कागदावर काढून सांगायची. आता तेही थांबलं आहे. रात्रपाळीहून आल्यावर मी तिच्याजवळ बसते, पण मी शिक्षिका नाही आणि माझ्या अंगात तेव्हा त्राणही नसतं.

शाळेतल्या बाईंवर माझा राग नाही. रकाना रिकामा ठेवायची त्यांना मुभाच नाही. शिकवलं की नाही हे विचारायला कोणी येत नाही, माहिती भरली का याचे निरोप मात्र दिवसभर येतात. निवडणूक आली की शिक्षक तिकडे, सर्वेक्षण निघालं की तिकडे. सगळा कारभार रकान्यांसाठी चालतो आणि मुलं त्या रकान्यांत कुठेच नसतात. खोटं लिहिलेलं चालतं, हे माझ्या मुलीने बाराव्या वर्षी शाळेतच पाहिलं, त्याचं मला सर्वांत जास्त दुःख आहे.

निदेशक नेमा. तोवर जिथे कला शिकवली जात नाही तिथल्या प्रगतिपुस्तकात 'शिकवले नाही' असं लिहायची शाळांना परवानगी द्या.

प्रगतिपुस्तक सोमवारी शाळेत परत द्यायचं आहे. पालकांच्या सहीची जागा मी कोरी ठेवली आहे.

आपली,
सातवीतल्या एका मुलीची आई