मेंदूतल्या बारीक वाहिन्यांविषयी, विनूस

गुहागर
२ जुलै

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

काकूंचा एमआरआय रिपोर्ट वाचला. 'बारीक रक्तवाहिन्यांचा आजार' हे शब्द बघून तू धसका घेतलास, साहजिकच आहे. उपचाराचं डॉक्टर सांगतीलच. पण या वाहिन्या करतात तरी काय, असं तू विचारलंस, आणि हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू लागतो २० टक्क्यांच्या आसपास. शिल्लक साठा जवळजवळ नाहीच. म्हणून जो भाग कामाला लागेल तिथे काही सेकंदांत जास्त रक्त पोचावं लागतं. आगरात शिंपणं करताना पाटाचं पाणी कुठल्या पोफळीच्या आळ्यात सोडायचं ते आपण ठरवतो. मेंदूत पोफळच पाणी मागून घेते! रॉय आणि शेरिंग्टन या शास्त्रज्ञांनी १८९० सालीच हे मांडलं होतं: काम करणाऱ्या भागात तयार होणारी रसायनंच तिथल्या वाहिन्या रुंदावतात.

चेतापेशी कामाला लागल्या की ग्लुटामेट हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं. त्यामुळे काही पेशी नायट्रिक ऑक्साइड बनवतात. हा वायू पेशींची आवरणं सहज ओलांडतो आणि धमनीभोवतीचा स्नायू सैल करतो. वाहिन्यांना बिलगलेल्या तारकापेशी, म्हणजे चेतापेशींना साथ देणाऱ्या पेशी, प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडून त्यात भर घालतात. आणि पोटॅशियम! ते चेतापेशींतून बाहेर पडलं की केशवाहिनीच्या आतल्या अस्तराला कळतं, आणि विजेचा संदेश अस्तरातूनच उलट्या दिशेने वरच्या धमनीपर्यंत जातो. सगळ्यांत बारीक वाहिनी मोठीला हाक मारते. वर्षानुवर्षं शिकवूनही मला याचं नवल वाटतं.

केशवाहिन्यांवर पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. गुठळी अडकून प्राणवायू तुटला की त्या आवळतात आणि तशाच आवळलेल्या मरतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. म्हणजे गुठळी काढून मोठी धमनी मोकळी केली, तरी आतल्या केशवाहिन्यांत रक्त अडूनच राहू शकतं.

काकूंचा रक्तदाब कित्येक वर्षं चढा आहे. तो नेमकं हे अस्तरच खराब करतो, मग नायट्रिक ऑक्साइड कमी पडतो. तेव्हा त्यांची गोळी चुकता कामा नये. खारवलेली मासळी आणि लोणचं कमी करायला त्यांना मीच सांगेन, तुझं ऐकणार नाहीत. आणि पक्षाघाताची लक्षणं दिसली, म्हणजे तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि इथून चिपळूण गाठायलाच तासभर जातो. गाडी माझ्या दारातच असते; शेजाऱ्यांना माझा नंबर देऊन ठेवलाय, तूही रात्री-अपरात्री फोन कर.

तुझा,
श्रीधर