सोसायटीच्या स्विचचा पासवर्ड सोसायटीकडेच हवा

संपादक महोदय,

मी नेटवर्किंगची कामं करतो, राहतो मुलुंडला. आमच्या बिल्डिंगमध्ये मीटर रूमच्या भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे, तिच्यात 24 पोर्टचा मॅनेज्ड स्विच (नेटवर्कच्या वायरी एकत्र जोडणारा, सेटिंग करता येणारा डबा), त्याच्यावरच सगळे सीसीटीव्ही, गेटचा इंटरकॉम आणि सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर. गेल्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, तासाभराने आली, पण कॅमेरे काही परत आले नाहीत. वॉचमनकाका पहाटेपर्यंत टॉर्च घेऊन फेऱ्या मारत होते.

ज्याने काम केलं होतं त्याला फोन लावला तर तो गावी, म्हणाला आल्यावर घरून करून देतो, पासवर्ड मात्र देणार नाही. शेवटी मीच लॅपटॉप आणि स्विचला थेट जोडायची कन्सोल केबल घेऊन स्टुलावर चढलो, 9600 स्पीड लावला, एंटर मारला तर कंपनीतून येतो तोच पासवर्ड चालला! आत बघतो तर कॅमेऱ्यांचे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे) गायब, सगळे पोर्ट व्हीलॅन 1 मध्ये. म्हणजे त्याने सेटिंग केलं पण सेव्हच केलं नव्हतं. बऱ्याच स्विचमध्ये चालू सेटिंग वेगळं असतं आणि सुरू होताना वाचलं जाणारं वेगळं, एकातून दुसऱ्यात कॉपी केलं नाही तर लाइट गेली की सगळं पुसलं जातं. इतके दिवस यूपीएसने तगवलं म्हणून कळलं नाही, त्या रात्री बॅटरीने मान टाकली.

मला जास्त भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. त्याला घरबसल्या काम करता यावं म्हणून राउटरमधून स्विचचं टेलनेट, म्हणजे लांबून आत शिरायची जुनी सोय, थेट इंटरनेटवर उघडं ठेवलेलं. टेलनेटवर पासवर्ड साध्या अक्षरांत जातो, मधे कोणी बसला असेल तर सरळ वाचू शकतो. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारे डबे) असेच टेलनेटवरून, कंपनीचे ठरलेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते.

लांबून स्विच सांभाळायला माझा विरोध नाही, मी स्वतः रोज तेच करतो, दर वेळी मुलुंडहून चर्चगेटला कोण जाणार. पण त्याची रीत आहे. आधी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी सुरक्षित खाजगी वाट), मग एसएसएच (टेलनेटसारखंच, पण सगळं सांकेतिक करून पाठवणारं), टेलनेट बंद. आणि मोठा बदल करायच्या आधी सिस्को कंपनीच्या स्विचवर ‘रीलोड इन 10’ ही कमांड टाकायची, म्हणजे आपल्याच चुकीने बाहेर फेकले गेलो तरी दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो, सगळं नीट चाललं तर ते कॅन्सल करून मग सेव्ह करायचं. एवढं न केल्यामुळे मी माणसांना भर पावसात लोकल पकडून साइटवर धावताना पाहिलंय.

सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी कळकळीची विनंती आहे, एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रिन्यू करताना पैशांवर जेवढी घासाघीस करता तेवढंच हेही विचारा की पासवर्ड कोणाकडे आहे आणि सेटिंगची बॅकअप फाइल कुठे आहे. स्विच आपल्या पैशाचा आहे, मग त्यात शिरायला दुसऱ्याची परवानगी का लागावी? आम्ही आता पासवर्ड बदलून बंद पाकिटात सेक्रेटरींच्या कपाटात ठेवलाय, बॅकअपचा पेनड्राइव्ह पण तिथेच, आणि नवीन करारात ही अट लिहून घेतलीये.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व)