बाबा, बुंदीवर ओरडू नका

हॅनोवर, १४ जुलै

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार,

फोनवर आपण सगळे एकदम बोलतो आणि आपल्या नव्या पिल्लाला, बुंदीला, शू-शीची सवय कशी लावायची हे निम्मं राहून जातं, म्हणून लिहूनच पाठवते आहे. ओंकार, याची प्रिंट काढून आईच्या हातात दे. मोबाइलवर एवढं वाचायला लावू नकोस.

आधी बाबांशी बोलते. बाबा, तुम्ही परवा म्हणालात, "तिला सगळं कळतं, शू केली की मान खाली घालून बसते." मान ती घालते, पण तुमचा चेहरा बघून. तिने दिवाणाशेजारी शू केली, मग चेंडू खेळली, थोडी झोपली, आणि त्यानंतर तुम्ही आत येऊन आवाज चढवलात. त्या आवाजाचा मघाच्या शूशी काही संबंध आहे हे तिला कळणं शक्यच नाही. पिल्लाला एखाद्या गोष्टीचा परिणाम कळतो तो त्याच क्षणी, फार तर एक-दोन सेकंदांत. नंतर ओरडलं तर ती एवढंच शिकते की बाबा आले की जपून राहायचं.

शेजारच्या काकांनी तिचं नाक त्या शूमध्ये घासायला सांगितलं ना? कृपा करून ते करू नका, आणि पेपराची गुंडाळीसुद्धा उगारू नका. अशाने पिल्लू घरात शू करायचं थांबत नाही, माणसांसमोर करायचं थांबतं. मग सोफ्यामागे, पलंगाखाली, आईच्या शिलाई मशिनच्या पायाशी उरकतं. पुढे बाहेर नेलं तरी पट्टा हातात धरलेल्या माणसासमोर करत नाही, अर्धा तास फिरून घरी येतं आणि आडोशाला जाऊन करतं. इथल्या श्वानशाळेत अशी दोन मोठी कुत्री मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं बघून.

ती आत्ता जेमतेम दोन महिन्यांची आहे. शू धरून ठेवायला लागणारा ताबाच चार महिन्यांच्या आसपास यायला लागतो. तोवर साधारण हिशेब असा, की जितके महिने वय तितके तास, फार तर एक तास वर. तोही शांत पडून असेल तर. खेळत असेल तर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा लागते. म्हणजे घड्याळ आपण बघायचं आहे, तिने नाही. झोपेतून उठली की लगेच, खाऊन झालं की पंधरा-वीस मिनिटांत, खेळ थांबला की, आणि रात्री निजण्याआधी. पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात, म्हणून जेवणाच्या वेळा ठरलेल्या असल्या की शीच्या वेळाही आपोआप ठरतात. आई, दिवसभर वाटी भरून ठेवू नकोस. तीन-चार वेळा मोजून दे आणि थोड्या वेळाने वाटी उचल. पाणी मात्र दिवसभर असू दे, नेरूळच्या दमटपणात पाणी तोडायचं नाही.

या वेळांच्या मधेही ती सांगते. खेळता खेळता एकदम थांबते, नाक जमिनीला लावते, त्याच त्या जागी गोल फिरते, मागचे पाय थोडे वाकवते. तेवढ्यात उचलायचं, बिनबोभाट, आणि जागेवर नेऊन ठेवायचं. मधेच सुरू झाली असेल तरी तेच. किंचाळायचं नाही.

जागा म्हणजे सध्या गॅलरीच. ओंकार, लसी पूर्ण होईपर्यंत तिला खाली जमिनीवर सोडू नकोस. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचीही भीती असते. डॉक्टर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने डोस देत चार महिन्यांपर्यंत नेतील, रेबीजची लस तीन महिने झाल्यावर. तोवर तिला कडेवर घेऊन स्टेशनपर्यंत फिरवून आण. रिक्षा, भाजीवाले, छत्र्या, शाळेची मुलं हे सगळं याच वयात दिसायला हवं, नाहीतर मोठेपणी घाबरट होते.

गॅलरीत वर्तमानपत्र पसरलंय असं आई म्हणाली. चार दिवस ठीक आहे, पण सवय कागदाची लावू नका. साधारण याच वयात पायाखाली काय लागलं की करायचं हे पिल्लाच्या अंगवळणी पडतं. कागद अंगवळणी पडला, तर बाबा सकाळी जमिनीवर पेपर पसरून वाचतात तिथेही ती बसणार. नर्सरीतून लॉनचा एक तुकडा आणा, कडा असलेल्या मोठ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा, वर पावसाचं पाणी येणार नाही असा. पुढे खाली न्यायला लागलात की गवत तिला ओळखीचं वाटेल. तिने सुरू केलं की हळू आवाजात "शू कर" म्हणा, दर वेळी तेच शब्द. संपताक्षणी तिथेच उभं राहून उकडलेल्या अंड्याचा एक कण. घरात आल्यावर दिलात तर ते घरात आल्याचं बक्षीस होतं. आणि लगेच आत आणू नका, दोन मिनिटं खेळू द्या. नाहीतर शू झाली की मजा संपते असं तिला वाटतं आणि ती लांबवते.

पायपुसणी, आजीची गोधडी, चटई सध्या उचलून ठेवा. मऊ आणि शोषणारं काही दिसलं की पिल्लू तिथेच बसतं. शू झालीच तर आधी जुन्या सुती कापडाने दाबून टिपा, मग प्राण्यांच्या दुकानात मिळतो तो एन्झाइमवाला क्लीनर लावा. नुसत्या फिनेलने आपल्याला वास येईनासा होतो, तिला येतच राहतो, आणि वास आला की जागा पक्की होते. काळं फिनेल तर घरातूनच काढा. तिचे पंजे त्यात भिजतात आणि मग ती ते चाटते, पोटात जाऊन विषबाधा होते.

आता बाबा, तुम्ही ज्यावर सगळ्यात जास्त चिडता ते. तुम्ही ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या बागेत चालून येता, दार उघडता, "काय गं बुंदे!" म्हणता, आणि ती पाठीवर लोळून तिथेच शू करते. बाबा, ते घाणेरडेपण नाही. लहान पिल्लू मोठ्या कुत्र्यासमोर अगदी असंच करतं. मी लहान आहे, मला काही करू नका, एवढंच ती सांगते आहे. रागावलात तर आणखी करेल. आत आल्यावर तिच्याकडे बघूच नका. चपला काढा, पाणी प्या. ती शांत झाली की खाली बसून छातीखालून हात फिरवा, डोक्यावरून वाकू नका. वाढत्या वयाबरोबर बहुतेक पिल्लांचं हे आपोआप जातं.

रात्रीचं ओंकारने बघायचं. महाप्याच्या ऑफिसातून तू उशिराच येतोस, तेव्हा निजण्याआधीची फेरी तुझी, आणि मध्यरात्रीनंतर एक गजर लाव. तिचं खोकं तुझ्या पलंगाशेजारी ठेव, वळता येईल एवढंच मोठं. पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे आई चाटून शू-शी करवते. पाय फुटले की ती स्वतःहून झोपायच्या जागेपासून लांब जाऊन करतात. इथे जर्मनीत तर आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून वेगळं करायला कायद्याने मनाई आहे. बुंदी पार्किंगमध्ये एकटी सापडली, तिला आईकडून किती शिकायला मिळालं असेल कोण जाणे. पण स्वतःची झोपायची जागा ती घाण करत नाही ना, तेवढ्या आधारावर बाकीचं सगळं शिकवता येतं. रात्री उठलास की दिवा लावू नकोस, खेळवू नकोस, शू झाली की परत खोक्यात.

वारंवार थेंब थेंब करत असेल, कुंथत असेल किंवा लघवीत लालसर दिसलं, तर ती सवय नाही, दुखणं आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

सोसायटीचं टेन्शन घेऊ नका. कुत्रं पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच तसं स्पष्ट केलंय. पण जिन्यात काही झालं तर ते आपणच पुसायचं. लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावरून खाली न्यायला लागलात की सुरुवातीला तिला उचलूनच न्या. चालत नेलं तर दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवरच करेल. महापालिकेच्या परवान्याचंही ओंकारने बघावं, रेबीजचं सर्टिफिकेट जपून ठेव.

आई, गणपतीत सोवळं कसं सांभाळायचं याची तुला काळजी आहे, मला माहीत आहे. तोवर ती चार महिन्यांची होईल आणि वेळा पाळल्यात तर बरीच भरवशाची झालेली असेल. आरतीची सतरंजी मात्र आयत्या वेळी अंथर. घर माणसांनी भरलं, झांजा वाजल्या की शिकलेलं पिल्लूही गडबडतं, तेव्हा आरतीआधी ओंकारने तिला गॅलरीत नेऊन आणायचं आणि मग आतल्या खोलीत तिच्याजवळ बसायचं.

लसीच्या कार्डाचा फोटो पाठवा, पुढची तारीख मीही लिहून ठेवते. आजीला नमस्कार.

तुमची,
मुग्धा