प्रचारगीताचे शब्द तपासता, तशी चालही तपासा

मा. मुख्य निवडणूक अधिकारी, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

प्रचारगीत प्रमाणनाला (प्रसारणाआधीच्या निवडणूक यंत्रणेच्या मंजुरीला) आले की त्याचा शब्द न् शब्द वाचला जातो. एप्रिल 2024 मध्ये शिवसेनेच्या (उद्धव बाळासाहेब ठाकरे) मशालगीतातल्या ‘हिंदू’ आणि ‘जय भवानी’ या शब्दांना आयोगाने हरकत घेतली, त्यावरून वादही झाला. चाल कोणाची, हा प्रश्न मात्र मागेच पडतो.

घोळ वेळेमुळे होतो. अपक्षाला चिन्ह मिळते माघारीची मुदत संपल्यावर. 2024 च्या विधानसभेला ती 4 नोव्हेंबरला संपली आणि 18 ला प्रचार थांबला. त्यात प्रमाणनाचा अर्ज प्रसारणाच्या तीन दिवस आधी द्यायचा. नवी चाल बांधून वादक बोलवायला सवड कुठली? मग गाजलेल्या गाण्याचा कराओके ट्रॅक (गायकाचा आवाज नसलेले नुसते संगीत) उतरवायचा, ध्रुवपदात नाव आणि चिन्ह कोंबायचे, रात्रीत आवाज भरायचा. सकाळी रिक्षावर भोंगा सुरू! यूट्यूबवर चढवल्यावर तिथली यंत्रणा मूळ ध्वनिमुद्रण ओळखते आणि ऐन प्रचारात गाणे बंद पडू शकते. ट्रॅक नव्याने वाजवून घेतला तरी सुटका नाही, कारण गीत, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 31 सी मधली ‘कव्हर’ची (जुने गाणे नव्याने गाऊन-वाजवून काढण्याची) सवलत शब्द बदलले की मिळत नाही.

अर्जासोबत गाण्याच्या संहितेची साक्षांकित प्रत जोडावी लागतेच. तिच्याखाली एवढेच वाढवा: चाल कोणाची, ट्रॅक कुठला, परवानगीपत्र आहे का. गोंधळ, भारूड, पोवाड्याची पारंपरिक चाल असेल तर तसे लिहावे. तिच्यावर कुणाची मालकी नसते, पण कंपनीने काढलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर असते. (कानाला ओळखीची चालच हवी, तर आपल्याकडे तोटा नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांनी लोकचालींवरच सभा गाजवल्या.)

दुसरे, चिन्हाची ओळ मोकळी ठेवून बाकीच्या अंतऱ्यांची छाननी आधीच करून द्यावी. चिन्ह मिळाल्यावर तेवढी ओळ पाहावी. दोन दिवस वाचले तरी नवी चाल बांधता येते.

अर्जातल्या निर्मितीखर्चात ट्रॅकच्या परवान्याची रक्कमही वेगळी मागावी. फुकट उचललेल्या ट्रॅकमुळे विधानसभेच्या 40 लाखांच्या मर्यादेतला उमेदवाराचा खर्च खोटाच कमी दिसतो, आणि रीतसर पैसे मोजणारा मागे पडतो.

आपले,
प्रचारगीते करणारे गीतकार, संगीत संयोजक व ध्वनिमुद्रक