ग्रेट अल्पाइन रोडवर जूनमध्ये जाताना

महोदय,

पर्यटन पुरवणीतील ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट अल्पाइन रोडवरचा लेख वाचला. वँगराटा ते बेर्न्सडेल हा व्हिक्टोरिया राज्यातला सुमारे 300 किलोमीटरचा रस्ता. ब्राइट गावची पानगळ, टँबो नदीकाठची वळणं, वर्णन चोख आहे. पण मुलांकडे मेलबर्नला जाणाऱ्या आई-वडिलांना जून-जुलैत ही सहल सुचवताना तिथे तेव्हा ऐन हिवाळा असतो, एवढं तरी सांगायला हवं होतं. माउंट हॉथमजवळ हा रस्ता 1,840 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही (1,646 मीटर) उंच जातो.

बर्फाच्या हंगामात, जूनच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, हॅरिएटव्हिल ते ओमिओ या टप्प्यात साध्या दोन-चाकी-ड्राइव्ह (इंजिनाचा जोर फक्त दोन चाकांना जाणाऱ्या) मोटारीत टायरला लावायच्या साखळ्या जवळ असणं बंधनकारक असतं. ब्राइट, हॅरिएटव्हिल, ओमिओ इथे त्या भाड्याने मिळतात. टायरच्या कडेवरचा आकडा (उदा. 205/55 आर 16) दुकानदाराला दाखवावा. इंजिनाचा जोर ज्या चाकांना जातो त्यांनाच साखळ्या लावायच्या. छोट्या गाड्यांत बहुधा पुढच्या. वर बोटं गारठतात, म्हणून दुकानासमोरच एकदा चढवून पाहाव्यात. चढवल्यावर थोडं पुढे जाऊन पुन्हा आवळाव्या लागतात, नाहीतर सुटलेलं टोक ब्रेकच्या नळीवर आपटतं. वेग ताशी 40 च्या आत ठेवावा आणि कोरडं डांबर लागताच साखळ्या काढाव्यात. गाडी भाड्याची असेल तर करार आधी वाचा. बर्फातलं नुकसान बऱ्याच करारांत विम्याबाहेर असतं.

पांढरा बर्फ निदान दिसतो तरी. सावलीतल्या वळणावर गोठलेला पातळ थर नुसता ओला रस्ता वाटतो आणि तिथे ब्रेक दाबला की गाडी सरळ दरीच्या बाजूला घसरते. वळणाआधीच वेग कमी करावा, उतारावर खालचा गिअर ठेवावा. डिझेल गाडी असेल तर टाकी बरीच रिकामी ठेवून यावं आणि ब्राइट किंवा ओमिओला थंडीत सहसा न थिजणारं अल्पाइन डिझेल भरावं. साधं डिझेल थंडीत मेणासारखं थिजून फिल्टर तुंबवतं. रात्री वर गाडी लावलीच तर हँडब्रेक ओढू नये, तो गोठून अडकतो. गाडी गिअरमध्ये ठेवून वायपर उभे करावेत.

एका दिवसात सगळा रस्ता उरकण्याचा लेखातला सल्ला हिवाळ्यात तरी नको. मुक्काम ब्राइटला करावा, ऊन आल्यावर निघावं. पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि ओमिओच्या खाली कांगारू, वाँबॅट रस्त्यावर यायला लागतात.

— एक वाचक, मेलबर्न